टायरच्या अंगावरची अक्षरं

विंचूर हे नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. एका अंगाला निफाड, दुसऱ्या अंगाला येवला, आणि गावातूनच लासलगावचा रस्ता फुटतो. लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार इथे भरतो. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगांच्या कडेला मोटारसायकलींची दाटी होते. शेतकरी, हमाल, व्यापाऱ्याचा माणूस, दूधवाला, मास्तर, सगळे दोन चाकांवर आलेले. या रस्त्याने पश्चिमेला नाशिकपर्यंत गेलं, तर सातपूरला सिएटचा टायरचा कारखाना आहे. पूर्वेला छत्रपती संभाजीनगर गाठलं, तर जवळच वाळूजला बजाजच्या मोटारसायकली तयार होतात. एकीकडे टायर, दुसरीकडे गाडी, आणि मध्ये ही दोन्ही रोज झिजवणारी माणसं.

इथे उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवं बसा आणि टायरच्या बाजूवरची धूळ अंगठ्याने पुसा. काळ्या रबरातून उठून आलेली इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसतील. कंपनीचं नाव मोठं असतं, ते सगळ्यांना वाचता येतं. त्याच्या शेजारी बारीक ओळ असते. नव्या स्प्लेंडरच्या मागच्या टायरवर ती साधारण अशी: ८०/१००-१८ एम/सी ५४पी. टायर घ्यायला गेल्यावर आपण दुकानदाराला ‘स्प्लेंडरचा मागचा’ एवढंच सांगतो आणि ही ओळ तो वाचतो. ती आपण स्वतः वाचली, तर हा टायर किती रुंद, किती उंच, किती वजन पेलणारा, किती ताप सोसणारा, हे सगळं तिथेच कळतं. जरा इकडे-तिकडे बोट फिरवलं, की त्याचा जन्म कोणत्या आठवड्यातला आणि तो कधी टाकून द्यायचा, हेही सापडतं. दहा-बारा चिन्हांत इतकं सामावलेलं दुसरं काही आपल्या अंगणात उभं असेल, असं मला वाटत नाही.

मापाचे तीन आकडे

पहिला आकडा ८० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिरप्या रेघेनंतरचा १०० ही मात्र टक्केवारी आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते हा आकडा सांगतो. इथे शंभर टक्के, म्हणजे उंचीही ८० मिलिमीटर. शेवटचा १८ हा रिंगचा व्यास, आणि तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! रुंदी मेट्रिक झाली तरी रिंग इंचातच राहिली, आणि आज जगभर हाच रिवाज आहे. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असा आकडा दिसतो. तिथे रुंदीसुद्धा इंचातच आहे.

या आकड्यांवरून चाकाचा पुरा व्यास घरी बसून काढता येतो. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळून १६० मिसळले की ६१७. आता पल्सर १५० चा मागचा टायर घ्या: १००/९०-१७. रिंग इंचाने लहान, टायर चांगला जाडजूड, बघायला अगदी वेगळा. हिशोब मात्र असा: १७ इंचांचे ४३२, अधिक दोन वेळा ९०, एकूण ६१२. दोन्ही चाकांत फरक फक्त पाच मिलिमीटरचा. रिंग लहान झाली, तेवढी उंची रबराने भरून काढली.

स्प्लेंडरच्या चाकाचा घेर यावरून सुमारे १ मीटर ९४ सेंटिमीटर येतो. एका किलोमीटरला ते ५१६ फेऱ्या मारतं. हा आकडा पुढे लागणार आहे.

१०० आणि १८ यांच्या मधली ती छोटी आडवी रेघसुद्धा बोलते. टायरच्या पोटात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत घातलेले असतील, तर तिथे रेघ असते. मुख्य दोरे सरळ या कडेपासून त्या कडेपर्यंत काटकोनात गेलेले असतील, तर त्या जागी ‘आर’ अक्षर येतं, म्हणजे रेडियल. पट्टा घातलेला तिरप्या थरांचा टायर असेल तर ‘बी’. एम/सी म्हणजे हा टायर मोटारसायकलचाच. शिवाय कुठेतरी ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असं लिहिलेलं असतंच.

५४ म्हणजे २१२ किलो

आता खरी कमाल. ‘५४पी’मधला ५४ हा वजनाचा आकडा आहे, पण तो किलोत नाही. ती एका कोष्टकातली पायरी आहे. ५४ व्या पायरीला २१२ किलो. स्प्लेंडरच्या पुढच्या टायरवर ४७ असतो, तो १७५ किलोचा. ५५ म्हणजे २१८, ६२ म्हणजे २६५.

सरळ किलोच का नाही लिहिले? कोष्टक पुढे सरकवून पाहा. शून्याच्या पायरीला ४५ किलो. ८० व्या पायरीला ४५०. १६० व्या पायरीला ४,५००. दर ८० पायऱ्यांना वजन बरोबर दसपट होतं, आणि २४ पायऱ्यांना जवळपास दुप्पट. म्हणजे पायऱ्या किलोने वाढत नाहीत, टक्क्याने वाढतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे २.९ टक्क्यांनी मोठी. हे चक्रवाढीचं गणित आहे.

या प्रकारच्या आकड्यांमागे शार्ल रेनार नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता आहे. १८७० च्या दशकात त्याच्याकडे लष्कराच्या बलूनचं काम होतं. बलूनला लागणाऱ्या दोरखंडांचे तब्बल ४२५ प्रकार भांडारात जमले होते. रेनारने विचार केला, की जाडी सारख्या अंतराने वाढवण्यापेक्षा सारख्या पटीने वाढवली, तर बारीक दोरांना बारीक पायऱ्या मिळतील आणि जाड दोरांना मोठ्या, आणि थोडक्याच प्रकारांत सगळी गरज भागेल. ४२५ चे त्याने १७ केले. पुढे साऱ्या जगाने या मालिका मानक म्हणून स्वीकारल्या. टायरवरच्या वजनाच्या पायऱ्या याच रेनारच्या ८० भागांच्या मालिकेशी जुळतात: ४५०, ४६२, ४७५, ४८७, ५००, ५१५, ५३०... म्हणून स्कूटरच्या इवल्या टायरपासून कांद्याच्या ट्रकच्या टायरपर्यंत एकच कोष्टक पुरतं. ५४ ते ५५ मध्ये फरक सहा किलोचा, तर १६० पलीकडच्या एका पायरीत शंभराहून जास्त किलोचा. त्या-त्या टायरच्या मानाने दोन्ही पायऱ्या सारख्याच उंच आहेत.

हा आकडा विंचूरच्या रस्त्यावर लावून बघू. गाडी सुमारे ११२ किलोची. तिच्यातले साठेक किलो मागच्या चाकावर. चालवणारा ६५ किलोचा. तो मागच्या चाकाच्या पुढे बसतो, म्हणून त्याचे चाळीसेक मागे. दुसरा ६० किलोचा जवळपास चाकाच्या वरच बसतो, त्याचे पंचावन्न तरी मागे. बेरीज झाली १५५. आता कॅरिअरवर पन्नास किलोची कांद्याची गोणी बांधली. ती चाकाच्या मध्यापेक्षा मागे लोंबते, त्यामुळे तरफेच्या नियमाने मागच्या चाकावर पन्नासहून जास्त भार टाकते, पंचावन्न ते साठ. ढोबळ हिशोब २१० ते २१५ वर पोचला. टायरवर लिहिलेलं होतं २१२. दोन माणसं आणि एक गोणी, आणि टायर आपल्या सांगितलेल्या हद्दीवर येऊन उभा राहिला. तरफ पुढचं चाकही उचलू पाहते, म्हणून अशा गाडीचं हँडल हलकं लागतं. लिहिलेला आकडा आणि हातांना येणारा अनुभव इथे एकमेकांना भेटतात.

आणि हे २१२ किलो पेलतं कोण? रबर थोडंच. बाकी सगळी हवा. टायरमध्ये ३० पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलोचा दाब. २१२ ला त्याने भागलं की सुमारे शंभर चौरस सेंटिमीटर येतात. बोटं सोडली तर तळहाताएवढी जागा! मागचं चाक रस्त्याला एवढंच टेकतं. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं तेवढ्यातच चालतं. हवा निम्मी झाली की तोच भार पेलायला दुप्पट जागा टेकावी लागते, म्हणजे टायरला बसून तेवढं चपटं व्हावं लागतं. म्हणून ५४ हा आकडा नेमलेल्या हवेवरच खरा ठरतो. ती हवा किती, ते गाडीच्या चेनकव्हरपाशी किंवा जवळच्या स्टिकरवर असतं. एकटा बसला तर एक आकडा, दोघं बसले तर दुसरा, आणि दुसरा नेहमी मोठा.

वेगाचं अक्षर, खरं तर तापाचं

५४ नंतरचं ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर. शंभर सीसीची गाडी या वेगाच्या आसपासही फिरकत नाही. मग हे अक्षर कशासाठी?

मघाचा फेऱ्यांचा आकडा आता कामाला येतो. ताशी ६० च्या वेगाने चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं. टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग दर फेरीला रस्त्यापाशी येताना वाकतो आणि पुढे गेला की पुन्हा सरळ होतो. साठ किलोमीटरच्या प्रवासात तो जवळपास ३१ हजार वेळा वाकतो. वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी स्वतःत ठेवून घेतं, आणि तिची उष्णता होते. वेग वाढला की वाकणं वाढतं आणि दोन फेऱ्यांमध्ये थंड व्हायला वेळ उरत नाही. भार जास्त असेल किंवा हवा कमी असेल तर वाकणं अधिक खोल होतं. ताप एका हद्दीपलीकडे गेला की रबर आणि नायलॉनचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून फुगवटा दिसतो तो याचाच.

म्हणजे ‘पी’ हे अक्षर वेग सांगतं, पण मोजतं ताप. नेमून दिलेलं वजन आणि हवा ठेवून टायर फिरत्या ड्रमवर पळवतात आणि तो तग धरतो का ते बघतात. एप्रिल-मे महिन्यात येवल्याच्या वाटेवरचं डांबर तापलेलं असताना, दोन माणसं आणि गोणी घेऊन, कमी हवेवर निघालेली गाडी ताशी ५० नेच चालली असेल. तिच्या टायरने त्या ‘पी’तली बरीच शिल्लक तेवढ्यातच खर्च केलेली असते.

या अक्षरांची मांडणीही बघण्यासारखी आहे. जे १००, के ११०, एल १२०, एम १३०, एन १४०, पी १५०, क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००. मधला ‘ओ’ गाळलेला आहे. तो शून्यासारखा दिसतो. आणि यू नंतर व्ही यायच्या आधी एकदम ‘एच’ येतो, २१० चा. सुरुवातीला युरोपात एस, एच आणि व्ही अशी मोजकीच अक्षरं होती. एस १८० पर्यंत, एच २१० पर्यंत आणि त्याच्या वर व्ही. नंतर मधल्या पायऱ्या भरल्या, पण एच लोकांच्या सवयीचा झालेला होता, त्याला कुणी हलवलं नाही.

एकाच टायरवर दोन बाण

बऱ्याच टायरवर एक बाण असतो आणि तो चाक फिरण्याची दिशा सांगतो. पण काही टायर पुढेही चालतात आणि मागेही. त्यांच्यावर दोन बाण असतात, आणि दोघांची तोंडं उलट दिशांना. ‘फ्रंट’ लिहिलेला इकडे, ‘रिअर’ लिहिलेला तिकडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चूकच वाटते.

कारण टायरच्या बांधणीत आहे. रस्त्याला लागणारा नक्षीचा थर लांब पट्टीच्या रूपात येतो. तो टायरभोवती गुंडाळतात आणि दोन्ही टोकं तिरकी कापून एकावर एक बसवून जोडतात. गोल पुरा झाला, पण त्यात एक तिरका सांधा राहिला. आता मागच्या चाकाला इंजिन फिरवतं. टेकलेल्या जागी रस्ता रबराला पुढच्या दिशेने ढकलतो, आणि त्यावरच गाडी पुढे जाते. पुढच्या चाकाला इंजिन काहीच देत नाही. त्याच्यावर मोठा जोर येतो तो ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा रस्ता रबराला मागे ओढतो. दोन चाकांवरचे मुख्य जोर एकमेकांच्या उलट. त्यामुळे मागच्या चाकावर सांधा दाबून धरणारी जी दिशा, तीच पुढच्या चाकावर तो उकलू पाहणारी ठरते. म्हणून तोच टायर पुढे लावताना उलटा फिरवून बसवायचा. नक्षीच्या तिरप्या खाचांनाही पाणी बाहेर टाकण्यासाठी दिशा असते, बाण तीही सांभाळतो. पंक्चर काढल्यावर चाक परत चढवताना हा बाण नजरेखालून घालायला क्षणभरही लागत नाही.

अक्षरं उमटतात कशी

ही अक्षरं कुणी छापत नाही, चिकटवतही नाही. कच्चा टायर साच्यात जातो तेव्हा तो मऊ, चिकट आणि जवळपास गुळगुळीत असतो, ना नक्षी, ना नाव. साच्याच्या आतल्या पोलादी भिंतीवर सगळं उलटं कोरलेलं असतं. आतून गरम दाबाने फुगवटा येतो, रबर साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, आणि दीडशे अंशांच्या पुढच्या उष्णतेत गंधक रबराच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये अमेरिकेत सापडलेली क्रिया ती हीच. याआधीचं रबर उन्हाळ्यात वितळायचं आणि थंडीत तडकायचं. साच्यातल्या काही मिनिटांत मऊ लगदा चिवट टायर होतो आणि त्याच मिनिटांत अक्षरं उमटतात. नव्या टायरवरचे ते रबरी केस साच्यातल्या हवेच्या बारीक भोकांत शिरलेल्या रबराचे असतात.

साच्यातला एक छोटा तुकडा मात्र बदलता असतो. तिथे चार आकडे असतात, आणि टायरवर ते एका लांबट चौकटीत उमटतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. २००० सालाआधी आकडे तीनच असायचे. ही जन्मतारीख नीट बघावी, कारण टायर नुसता उभा राहूनही म्हातारा होतो. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, ऊन त्यात भर घालतं. नक्षी शाबूत, पण भिंतीवर बारीक चिरा, असा टायर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेल्या जुन्या गाडीवर हमखास दिसतो. ‘नवाकोरा’ म्हणून कमी किमतीत मिळणारा टायर विकत घेण्याआधीही हे चार आकडे वाचावेत.

नव्या टायरवर कधी पिवळा ठिपकाही असतो. कुठलाही टायर सगळीकडे अगदी सारख्या वजनाचा होत नाही. ठिपका त्याची सर्वांत हलकी जागा दाखवतो, आणि ती हवेच्या वॉल्व्हजवळ बसवली की चाकाचा तोल सुधारतो.

शिक्के, आणि संपल्याची खूण

आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस १५६२७ हा आकडा म्हणजे दुचाकी-तिचाकीच्या टायरचं भारतीय मानक. केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता आदेशामुळे टायरसाठी हा शिक्का बंधनकारक झाला. गोलात ‘ई’ आणि एक आकडा असेल, तर तो टायर युरोपीय नियमांनुसार तपासलेला, आणि आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. जुन्या टायरवर ‘४ पीआर’ किंवा ‘६ पीआर’ दिसतं. सुती दोऱ्यांच्या काळात ते खरोखरच थरांची संख्या सांगायचं. नायलॉन मजबूत निघाला, थर कमी लागू लागले, आणि आता तो आकडा फक्त ताकदीची प्रत दाखवतो.

शेवटची खूण मला सर्वांत मोलाची वाटते. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. त्याच रेषेत नक्षीच्या खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो, मोटारसायकलच्या टायरमध्ये साधारण ०.८ मिलिमीटरचा. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला. पावसाळ्यात खाचेला आता पाणी बाहेर काढता येत नाही. रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी राहतं, आणि तळहाताएवढी ती पकडसुद्धा सुटते. टायर नवाकोरा असतानाच त्याच्या अंगात त्याच्या शेवटाची खूण घडवलेली असते, कुणीही बघावी अशा जागी.

हे सगळं एकत्र पाहिलं की या अक्षरांचं खरं रूप ध्यानात येतं. टायर बनवणाऱ्याला आपण कधी भेटणार नाही. आपण किती ओझं लादणार, कुठल्या रस्त्याने, कुठल्या उन्हात जाणार, हे त्याला माहीत नाही. तरीही त्याने आपल्या मालाची प्रत्येक हद्द मालावरच लिहून दिली आहे: एवढं वजन, एवढा ताप, ही दिशा, हा जन्म, हा शेवट. नाशिकच्या माणसाला, इटलीतल्या तुरीनच्या माणसाला, सगळ्यांना एकाच कोष्टकातून. एकच गोष्ट त्याला लिहून देता आलेली नाही, कारण ती त्याच्या हातात नाही, ती म्हणजे आजची हवा. बाकीचा प्रत्येक आकडा हवेच्या भरवशावर खरा होतो. म्हणून गोणी बांधण्याआधी, दुसऱ्याला मागे बसवण्याआधी, पंपावर थांबून स्टिकरवरच्या आकड्याएवढी हवा भरून घ्यावी. कारखान्याने दिलेला शब्द पुरा करण्याचं उरलेलं काम आपलं आहे.